रेफरन्सचा रकाना

त्यांच्या गळ्यात दोन गोष्टी असत. एक काळ्या मण्यांची पोत आणि तिच्या शेजारी, जाड दोऱ्यात ओवलेला एक पांढरा खोडरबर. पोत नवऱ्याच्या मागेही त्यांनी उतरवली नव्हती आणि खोडरबर तर आंघोळीलासुद्धा काढत नसाव्यात असा आमचा कयास होता. टोकियोच्या ओजिमा भागातले भारतीय त्यांना तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे खोडरबर मावशी. हे दुसरं नाव त्यांना चांगलं ठाऊक होतं. "जपाननं मला दोन गोष्टी चांगल्या दिल्या," त्या सांगत, "नवरा आणि खोडरबर. नवरा गेला. खोडरबर शंभर येनच्या दुकानात अजून मिळतो."

मी तसा न बोलणारा माणूस. ऑफिसात मला शांत समजतात, बायकोच्या माहेरी तर मी त्यांच्यापेक्षा जपानी आहे असं कौतुकानं म्हणतात. खरी गोष्ट एवढीच, की माझ्याजवळ एक लपवण्यासारखं होतं, आणि लपवायचं असेल तर मुळात कमी बोललेलं बरं हे मला लवकर कळलं होतं. ते लपवलेलं मी पहिल्यांदा बोलून टाकलं ते मावशींच्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी. आज पन्नाशीच्या उंबऱ्यावर हे लिहून काढतोय ते त्यांच्या उपकारापोटी. त्यांना उपकार हा शब्द आवडला नसता. "कसला उपकार, फॉर्म भरलाय," म्हणाल्या असत्या.

मावशी मूळच्या सोलापूरच्या. सूतगिरणीत यंत्रं बसवायला आलेल्या एका जपानी इंजिनियरशी लग्न करून त्या इकडे आल्या, त्याला पुढे चाळीसहून जास्त वर्षं झाली. ओजिमातल्या सरकारी वसाहतीत पाचव्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायच्या. टोकियोत, उरायासुत, कुठेही कुणा मराठी माणसाचं व्हिसा, पासपोर्ट, मुलाच्या जन्माची नोंद यांतलं काही अडलं, की त्याला कुणीतरी सांगायचं, "ओजिमाला जा. पण पेन नेऊ नकोस."

पेन नेऊ नकोस, कारण मावशींकडे प्रत्येक फॉर्म आधी पेन्सिलीनं भरावा लागे. ऑनलाइन भरायचा असला तरी त्याची पानं कोनबिनीतून, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानातून, छापून आणायची, पेन्सिलीनं भरायची, त्यांनी तपासायची आणि मग संगणकाला हात लावायचा. त्या स्वतः एक अक्षर लिहीत नसत. "हात तुझा, सही तुझी, आणि खोटं असेल तर तेही तुझंच." त्या समोर बसून फक्त वाचत. तेही शेवटच्या पानापासून सुरुवातीकडे. का, तर म्हणे, "शेवटच्या पानावर धमकी असते. आधी धमकी वाचावी, म्हणजे पुढच्या उत्तरांना वळण लागतं."

फॉर्मांना त्यांच्या लेखी स्वभाव होते. भारताचा फॉर्म म्हणजे सासू. आजोबा कुठले, आजी कुठली, याआधी कधी आलात, कुठे उतरलात, सगळं विचारणार आणि सांगितलेलं विसरणार नाही. जपानचा फॉर्म म्हणजे शेजारीण. विचारणार कमी, पण बघितलेलं असतं सगळं. अमेरिकेचा फॉर्म म्हणजे नवा फौजदार. "तुम्ही कधी दहशतवादी होता का, म्हणून विचारतो. आणि उत्तर द्यायला दोन चौकटी देतो! येस आणि नो! आता असा कोण असेल रे, जो होता आणि येसवर खूण करील?" असं म्हणून त्या इतक्या हसत की चष्मा काढून पुसावा लागे.

फी घेत नसत. त्याऐवजी कचरा वेगळा करून द्यावा लागे. हे मी गमतीनं सांगत नाही. दारात गेलं की पहिल्यांदा हातात पिशवी. बाटल्यांची बुचं काढ, कागदी वेष्टनं सोल, डबे धू, जळणारा कचरा इकडे, न जळणारा तिकडे, पुठ्ठे बांध. त्यांच्या एकटीच्या घरात एवढा कचरा कुठून येतो हे कोडं होतं. पुढे समजलं की शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचाही त्या घेऊन येत. पुण्याहून नवा आलेला एखादा सॉफ्टवेअरवाला कुरकुरला, की ठरलेलं वाक्य यायचं. "ज्याला मोयासु गोमी आणि मोयासानाइ गोमी कळत नाही, त्याला येस आणि नो काय कळणार?" मोयासु गोमी म्हणजे जळणारा कचरा, मोयासानाइ म्हणजे न जळणारा. जपानात राहणाऱ्याला हे दोन शब्द स्वतःच्या नावाआधी शिकावे लागतात.

एकदा माझ्यासमोरच एक तरुण जोडपं आलं होतं. नवरा बोलका. बायकोचा फॉर्मही त्यानंच भरून आणला होता. मावशींनी मागच्या पानापासून वाचत वाचत व्यवसायाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हाऊसवाइफ. हे कुणी लिहिलं?"

"मीच. सध्या ती घरीच असते ना."

"तू असं कर, त्या गॅलरीतल्या डब्यांकडे बघ जरा. ॲल्युमिनियम वेगळं, पत्रा वेगळा. चुंबक खिळ्याला अडकवलंय."

तो चुंबक घेऊन गॅलरीत गेला. मावशी मुलीकडे वळल्या. "हं. तू काय करतेस?"

"घरीच असते मावशी."

"कुठे असतेस ते नाही विचारलं. काय शिकलीस?"

मुलगी फिजिओथेरपिस्ट होती. पुण्यात पाच वर्षं दवाखान्यात काम केलेलं. मावशींनी गळ्यातला खोडरबर काढून तिच्यापुढे ठेवला आणि उठून चहा टाकायला गेल्या. त्या मुलीनं तो शब्द खोडताना कागद फाटतो की काय इतका जोर लावला. नवरा आत आला तेव्हा मावशी त्याला म्हणाल्या, "तुझी मान वाकडी होते आहे संगणकापुढे. हिला दाखव. घरचीच डॉक्टरीण आहे, तुला माहीत नव्हतं वाटतं?"

आता माझं सांगतो.

मी मावशींकडे पहिल्यांदा गेलो तो खोटं घेऊन. माझ्या भारतीय पासपोर्टाची मुदत संपत आली होती आणि मला तो नवा करून हवा होता. कराडला बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं घाटत होतं. ऐंशी ओलांडली, हजार पौर्णिमा बघून झाल्या, म्हणून ताईनं तिथी धरली होती. आई जाऊन बरीच वर्षं झाली, बाबा ताईकडेच राहतात. तिनं बजावलं होतं, "या खेपेला सबबी नकोत. नातीला घेऊन यायचं."

कचरा झाला. मावशींनी माझा फॉर्म हातात घेतला, मागच्या पानापासून पुढे आल्या आणि हात पुढे केला. "झायर्यू कार्ड."

इथे राहणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला सरकार एक कार्ड देतं, त्याचं हे नाव. त्याची प्रत पासपोर्टाच्या अर्जाला लावावी लागे.

"घरी राहिलं मावशी," मी म्हणालो.

"पुन्हा सांग."

"घाईत घरी राहिलं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तू इथे वीस वर्षं आहेस म्हणालास. वीस वर्षांत ते कार्ड खिशात न ठेवता परदेशी माणूस कोपऱ्यावरच्या कोनबिनीतही जात नाही, कायदाच आहे. मी कचरा टाकायला खाली जाताना घेऊन जाते." असं म्हणून त्यांनी ब्लाउजातून आपलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "घरी राहणारं कार्ड कुणाचं असतं माहीत आहे? ज्याला ते नसतंच त्याचं. कधी झालास जपानी?"

मला अजून आठवतं, समोरच्या इमारतीच्या गॅलरीत कुणीतरी वाळत घातलेली फुतोनची गादी काठीनं बडवत होतं. मी ते ठोके मोजत बसलो.

"सहा वर्षं झाली," मी म्हणालो.

"घरी कुणाला माहीत आहे?"

"बायकोला, मुलीला. तिकडे कुणालाच नाही."

त्या रागावल्या नाहीत. फॉर्म फाडलाही नाही. त्यांनी तो उलटा करून ठेवला आणि भाताचे दोन गोळे करून आणले. त्यात सोलापुरी शेंगाची चटणी भरलेली. जपानी ओनिगिरीत शेंगाची चटणी ही मावशींची स्वतःची काढलेली वस्तू. "खा," म्हणाल्या. "उपाशी माणूस उत्तरं आखूड देतो."

मी जपानी नागरिक का झालो याचं मोठं कारण मला देता येत नाही. कुणी जबरदस्ती केली नव्हती. घराच्या कर्जासाठी सोपं जाईल, ऑफिसात एका सरकारी कामावर नाव लागेल, असं मी बायकोला सांगितलं. पण खरं सांगायचं तर मला त्या रांगेचा कंटाळा आला होता. नारिता विमानतळावर उतरलो की बायको आणि मुलगी एका रांगेतून जायच्या आणि मी दुसऱ्या. मुलगी लहान असताना काचेपलीकडून मला हात करायची. पुढे मोठी झाली आणि हात करणं बंद झालं, फोनमध्ये बघत उभी राहायची. एवढ्यावरून माणूस देश बदलतो का? मी बदलला. भारताच्या कायद्यात दुसरं नागरिकत्व घेतलं की पहिलं तिथेच संपतं, पासपोर्ट परत करायचा असतो. मी तो परत केला नाही. कपाटात मोज्यांच्या खाली ठेवला आणि स्वतःची समजूत घातली, की आपण दोन्हीकडचे. एकदा तर मी त्याच पासपोर्टावर कराडला जाऊनही आलो. मुंबईहून परत निघताना काउंटरवर जपानच्या परवान्याबद्दल विचारलं, तेव्हा मी जुन्या परवान्याचं पान उघडून दाखवलं. निभावलं, पण विमान उडेपर्यंत मी बोर्डिंग पासची घडी घालत आणि उलगडत होतो.

आणि नाव. ते सगळ्यात जास्त सलतं. आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. माझ्या भारतीय पासपोर्टावर मधे 'गोपाळ' होतं. नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी त्या कचेरीतल्या गृहस्थांनी फार अदबीनं विचारलं होतं, "हे मधलं नाव ठेवायचं आहे का? ठेवता येईल." जपानीत ते लांबच लांब दिसत होतं. ऑफिसच्या कार्डावर, मुलीच्या शाळेच्या यादीत, दवाखान्यात, सगळीकडे कुणीतरी अडखळणार. मी म्हणालो, "नको. गरज नाही." तीन शब्द. त्यांनी पुन्हा विचारलंसुद्धा नाही.

हे सगळं मी मावशींना त्याच दिवशी सांगितलं. का सांगितलं ते मलाही कळत नाही. चटणी तिखट होती, डोळ्यांत पाणी आलेलंच होतं, त्यात खपून जाईल असं वाटलं असेल.

मावशींनी स्वतः मात्र भारतीय पासपोर्टच ठेवला होता. याबद्दल त्या फुशारकी मारत नसत. "मला दुसऱ्यांदा परीक्षा द्यायची नाही," एवढंच. पण त्या दिवशी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, कुणाला क्वचित सांगितली असेल. त्यांची आई आजारी असल्याची तार आली, तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. त्याला नवऱ्याजवळ ठेवून त्या मिळेल त्या विमानानं निघाल्या. त्या काळी जपान सोडण्याआधी परत येण्याचा परवाना काढून ठेवावा लागे. पुनःप्रवेशाचा. एक पानी अर्ज, पाच रकाने. घाईत तो राहिला. तो नाही म्हटल्यावर इथे राहण्याचा त्यांचा हक्कच संपला आणि पहिल्यापासून व्हिसा मागायची वेळ आली. त्यात अकरा महिने गेले.

"आले तेव्हा हा दारात उभा. मला म्हणतो, इराश्शाइमासे."

दुकानात गिऱ्हाईक शिरलं की नोकर म्हणतात तो शब्द. या, यावं. एवढ्याशा पोरानं आईला दुकानातल्यासारखं या म्हटलं.

"मराठी पार विसरला होता. पुढे शिकवली, बोलतो आता, पण ती शिकवलेली. आतली नाही." एवढं सांगून त्या उठल्या आणि भांडी विसळायला लागल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पाच रकाने रे. तेवढे मी भरले नाहीत."

तर ठरलं असं, की जुना पासपोर्ट परत करायचा, तो रद्द झाल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि मग जपानी पासपोर्टावर भारताचा व्हिसा मागायचा. म्हणजे आपल्याच बापाच्या घरी जायला परवानगीचा अर्ज. पुढचे तीन शनिवार मी उरायासुच्या माझ्या घरून ओजिमाला जात होतो.

"नागरिकत्व जन्मानं की अर्जानं?"

"अर्जानं."

"पूर्वीचं नागरिकत्व?"

"भारतीय."

"अंगात ताप आल्यासारखं काय बोलतोस? नीट लिही. पूर्वीचं आहे म्हणून लाजायचं, की आताचं आहे म्हणून? एक काहीतरी ठरव." मग पुढे. "त्यानंतर जुन्या पासपोर्टावर प्रवास केला?"

मी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

"कोरा सोडणार असशील तर सांग. मी आत जाऊन पडते."

मी 'एकदा' असं लिहिलं. त्याचा दंड पुढे रीतसर भरला, समज देणारं पत्र आलं, आणि जग बुडालं नाही. नावांचा मेळ बसत नव्हता म्हणून प्रतिज्ञापत्र करावं लागलं, की मधे गोपाळ असलेला तो आणि मधे काही नसलेला हा, दोघे एकच. मावशींनी ते माझ्याकडून तीनदा मोठ्यानं वाचून घेतलं. कशाला, विचारलं तर म्हणाल्या, "तुझा तुला विश्वास बसायला हवा आधी."

सगळ्यात शेवटी राहिला रेफरन्सचा रकाना. भारतात तुम्हाला ओळखणाऱ्या माणसाचं नाव, पत्ता, फोन. मी तिथे पुण्यातल्या एका मित्राचं नाव लिहिलं.

"हा कोण?"

"कॉलेजचा मित्र."

"उतरणार कुठे आहेस?"

"कराडला. बाबांकडे."

"मग बाबा तुला ओळखत नाहीत का?"

मी पेन्सिल खाली ठेवली. "मावशी, एवढं चालवून घ्या. मित्राचं नाव लिहिलं म्हणजे काही खोटं नाही."

"खोटं नाहीच. पण कशासाठी लिहिलंस ते तुला माहीत आहे आणि आता मलाही." त्या पुढे झुकल्या. "हे बघ, बाबांचं लिहिलंस आणि समजा उद्या कुणी फोन करून विचारलं, तुमचे जपानी नागरिक असलेले चिरंजीव येत आहेत, ते तुमचेच का? तर बाबा काय म्हणतील? राँग नंबर म्हणतील."

मला हसू आलं. त्यांनी खोडरबर माझ्यापुढे ठेवला, फोनही ठेवला, आणि कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेल्या. त्या दिवशी कचरा न्यायची गाडी यायचीच नव्हती.

बाबा शाळामास्तर होते. आमच्या भागातल्या मतदार याद्यांचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे असे. दारोदार जाऊन कोण आलं, कोण गेलं, कोण वारलं. मी जपानला आलो तरी त्यांनी माझं नाव यादीत राखून ठेवलं होतं, प्रत्येक निवडणुकीला माझी चिठ्ठी बाजूला काढून ठेवत, न जाणो ऐनवेळी आला तर. अशा माणसाला मी फोनवर सांगितलं, की बाबा, मी सहा वर्षांपूर्वीच भारताचा नागरिक राहिलो नाही. एका दमात सांगितलं. थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

पलीकडे ताईचा कुकर शिट्टी देत होता. दोन शिट्ट्या झाल्या.

"मग हे तू आत्ता का सांगतोयस?" बाबांनी विचारलं.

"फॉर्ममध्ये तुमचं नाव रेफरन्स म्हणून लिहायचं आहे."

"म्हणजे मी तुझी ओळख द्यायची."

"हो."

"कधीपर्यंत मिळेल ते व्हिसाचं?"

मी सांगितलं, की आधी जुन्या पासपोर्टाचं प्रमाणपत्र, मग हे, ताईनं धरलेल्या तिथीपर्यंत काही जमत नाही. बाबा म्हणाले, "तिथी पुढे जाईल. पौर्णिमा काय, दर महिन्याला येते. हजार झाल्या, एक जास्त होऊ दे." आणि मग, "माझं नाव पूर्ण लिही. आणि पिनकोड चुकवू नकोस, तू नेहमी चुकवतोस."

मावशी वर आल्या तेव्हा रकाना भरलेला होता. त्यांनी वाचला. "पिनकोड बरोबर आहे ना?" म्हणाल्या. दोन्हीकडून पिनकोडचीच काळजी. मी तो पुन्हा ताडून बघितला.

व्हिसा आला. मुंबईला मी पहिल्यांदाच परदेशी लोकांच्या रांगेत उभा राहिलो, बायको आणि मुलगी माझ्या मागे. तिघं एका रांगेत, हे मला हवं होतं ते असं मिळालं. मुलगी जपानीत म्हणाली, "बाबा, घाम किती येतोय तुम्हाला." मी मराठीत म्हणालो, "इथे उकडतं."

सहस्रचंद्रदर्शन छान झालं. त्याविषयी ताई लिहील, तिच्याकडे फोटो आहेत. मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशीचं. सकाळी बाबांनी मला ओसरीवर बोलावलं. त्यांच्यापुढे मतदार यादीतून नाव वगळण्याचा अर्ज होता. कधी आणून ठेवला होता कोण जाणे. चष्मा लावून त्यांनी माझं जुनं नाव लिहिलं, मधे स्वतःचं, संथ, शाळेतल्या फळ्यावरच्यासारख्या अक्षरात.

"पुष्कळ नावं वगळली मी आजवर," ते म्हणाले. "बहुतेक वारलेल्यांची. ज्याचं वगळायचं तो समोर बसून शिरा खातोय, असं पहिल्यांदाच. बरं वाटतंय."

सही केली. मग कागदाचा एक कपटा पुढे सरकवला. "नवं नाव कसं लिहितात? काढून दाखव."

मी काताकानात, परक्या नावांसाठीच्या जपानी लिपीत, लिहिलं. त्यांनी कपटा जवळ धरला, लांब धरला. "यात मी कुठे?"

"नाही बाबा."

"तिकडे रीत नसेल."

मी हो म्हणू शकलो असतो. किती सोपं होतं. "रीत नाही, पण ठेवता येत होतं. त्यांनी विचारलंही होतं. मीच नको म्हणालो."

बाबा अंगणातल्या नळाकडे बघत होते. नळ टपकत होता, तो ताईनं दुरुस्त करून घ्यायला हवा, असं काहीतरी माझ्या मनात येत राहिलं. मग त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "माझं नाव लिही त्यांच्या अक्षरात. बघू तरी."

मी लिहिलं. वाचून दाखवलं, "गोपारु."

"गोपारु? ळ कुठे गेला?"

"त्यांच्यात ळ नाही."

"बरं, मग ल?"

"ल पण नाही."

"अरेरे," बाबा अगदी मनापासून म्हणाले. "मग काय करतात बिचारे?" आणि ते हसायला लागले. हसता हसताच पेन घेतलं आणि माझ्या अक्षराखाली, पहिलीतल्या पोरासारखी जीभ दातांत धरून, आपलं नाव गिरवलं. कपट्यावर सगळ्यात खाली मराठीत माझं नाव लिहून तो मला दिला. "राहू दे तुझ्याकडे."

परत आलो तोवर मावशी ओजिमा सोडून नागोयाला मुलाकडे राहायला गेल्या होत्या. गुडघे पाच मजल्यांना कंटाळले, असं शेजारच्या म्हातारीनं सांगितलं. माझा निरोप घ्यायचाही राहिला. मी त्यांना चार पानी पत्र लिहिलं. आयुष्यात एवढं लांब पत्र कुणाला लिहिलं नव्हतं. काय काय झालं ते सगळं, आणि तुम्ही नसता तर मी अजून मोज्यांखाली पासपोर्ट दडवत बसलो असतो, हेही. सोबत बाबांच्या कपट्याची प्रत जोडली.

महिन्याभरानं पाकीट आलं. माझ्या चार पानांबद्दल, आभारांबद्दल एक अक्षर नाही. फक्त ती प्रत परत पाठवलेली, आणि तिच्यावर लाल शाईनं केलेली एक खूण. खाली लिहिलं होतं, "बाबांना सांग, 'पा'नंतरची आडवी रेघ राहिली आहे. रेघ नसेल तर गोपाळचा गोपळ होतो. पुन्हा लिहायला सांग. इथे थंडी फार आहे. मुलगा बरा आहे, काल मला मराठीत ओरडला."

बाबांना ती रेघ म्हणजे माझं पेन नुसतं घसरलंय असं वाटलं होतं. मी फोनवर सांगितलं तेव्हा ते एकदम मास्तर झाले. "चूक ती चूक," म्हणाले. "बाईंना माझा नमस्कार कळव."

पंधरा दिवसांनी कराडहून टपाल आलं. एकरेघी वहीचं पान, समास आखलेला, वर तारीख. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायची शिक्षा ते वर्गात द्यायचे, तशीच स्वतःला दिली होती. दहा ओळी, काताकानात दहा वेळा गोपाळ, प्रत्येकात रेघ. दहाव्या ओळीतली जरा जास्तच लांब झाली आहे, पार पानाच्या कडेपर्यंत गेली आहे.